शेन बाँडची पाठ

दहा षटकं, दोन निर्धाव, २३ धावा, सहा बळी. ११ मार्च २००३ रोजी पोर्ट एलिझाबेथला न्यूझीलंडच्या शेन बाँडने नोंदवलेलं हे पृथक्करण. समोरचा ऑस्ट्रेलियाचा संघ त्या विश्वचषकात एकही सामना हरला नाही आणि पुढे अंतिम सामन्यात त्याने भारताचं काय केलं, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्या संघाचे हेडन, गिलख्रिस्ट, पाँटिंग आणि मार्टिन हे चौघेही बाँडने घेतले. ऑस्ट्रेलिया ७ बाद ८४. मग मायकेल बेव्हन आणि अँडी बिकेल चिवटपणे उभे राहिले, धावसंख्या २०८ पर्यंत गेली आणि न्यूझीलंडचा डाव ११२ धावांतच आटोपला. सहा बळी घेणारा गोलंदाज हरलेल्या संघात होता.

तीनच दिवसांनी सेंच्युरियनला न्यूझीलंडची गाठ भारताशी पडली. न्यूझीलंडच्या खात्यात जेमतेम १४६ धावा होत्या, तरी भारताची ३ बाद २१ अशी घसरगुंडी झाली. द्रविड आणि कैफ यांनी पुढची पडझड थांबवली. सामनावीर ठरला चार बळी घेणारा श्रीरामपूरचा झहीर खान. पण बाँडचा त्या विश्वचषकात भारताविरुद्ध टाकलेला एक चेंडू ताशी १५६.४ किलोमीटर वेगाचा होता, ही नोंद मागे राहिली.

तेव्हा बाँड २७ वर्षांचा होता. वेगवान गोलंदाजाची उमेदीची वर्षं तीच असतात. त्याची प्रत्यक्षातली कसोटी कारकीर्द मात्र नोव्हेंबर २००१ ते नोव्हेंबर २००९ अशी आठ वर्षांची आणि अवघ्या १८ सामन्यांची भरली. त्याच्यापेक्षा फक्त सहा महिन्यांनी मोठा, त्याच्याच ख्राइस्टचर्चचा ख्रिस मार्टिन न्यूझीलंडकडून ७१ कसोटी खेळला. मार्टिन चांगला गोलंदाज होता, पण बाँड आणि मार्टिन यांच्यात समोर कोण नको असं फलंदाजांना विचारलं असतं, तर उत्तरासाठी फार थांबावं लागलं नसतं. बाँडच्या १८ कसोटींत ८७ बळी आहेत, सरासरी २२.०९. दर साडेसहा षटकांमागे एक गडी. ८२ एकदिवसीय सामन्यांत १४७ बळी, सरासरी २०.८८. असा गोलंदाज आठ वर्षांत १८ कसोटी का खेळला, याचं उत्तर त्याच्या कमरेच्या मणक्यांत आहे.

बाँड मुळात उशिरा उगवला. तो कँटरबरीकडून स्थानिक क्रिकेट खेळत होता, पण त्यावर पोट भरेल असं चित्र नव्हतं. तो पोलिसात भरती झाला आणि ख्राइस्टचर्चमध्ये नोकरी करू लागला. आडनाव बाँड आणि अंगावर पोलिसाची वर्दी, तेव्हा ‘००७’ हे टोपणनाव चिकटणारच होतं. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये होबार्टला त्याने कसोटी पदार्पण केलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या तिरंगी मालिकेत त्याने २१ बळी घेतले. यजमान ऑस्ट्रेलिया त्या मालिकेच्या अंतिम फेरीतही पोचला नाही आणि स्टीव्ह वॉचं एकदिवसीय संघातलं स्थान गेलं. पाँटिंगशी बाँडची एकदिवसीय सामन्यांत पहिल्या सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा पाँटिंगची विकेट बाँडनेच काढली. कुणा एका गोलंदाजापुढे पाँटिंग इतका हतबल क्वचितच दिसला असेल.

आता त्या पाठीकडे येऊ.

वेगवान गोलंदाज धावत येतो, उडी घेतो, मागचा पाय टेकतो आणि मग पुढचा पाय जोरात आपटतो. चेंडूला वेग मिळतो तो याच आपटण्यातून. पुढचा गुडघा न वाकता ताठ राहिला, तर धावण्यातला सगळा जोर कमरेवाटे वर खांद्यात आणि हातात उतरतो. गुडघा वाकला की तो जोर वाया जातो. पण ताठ पायावर उतरण्याची किंमत असते. शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त बल जमिनीकडून उलटं वर येतं. नेमक्या त्याच क्षणी धड मागे कमानीसारखं ताणलेलं असतं, उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या बाबतीत डावीकडे झुकलेलं असतं आणि वर गर्रकन फिरतही असतं. ताणणं, झुकणं आणि पीळ या तिन्ही गोष्टी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात एकदम घडतात.

हा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचं एक कडं असतं आणि त्यात एक अरुंद पट्टी असते. डॉक्टर तिला ‘पार्स’ म्हणतात. वेगवान गोलंदाजाचं स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेक वेळा इथेच होतं आणि तेही गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हाताने टाकणाऱ्याची डावी पट्टी तडकते. पडल्यावर हाड मोडतं तसं हे एका झटक्यात होत नाही. व्यायामाने हाड झिजतं आणि भरतं, भरताना थोडं अधिक मजबूत होतं. झीज आणि भरण यांचा मेळ बसला तर काही बिघडत नाही. साखर कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात दिवसभर उसाच्या गाड्या धावत असतात आणि रात्री खडी टाकून खड्डे बुजवले जातात. पण एखाद्या आठवड्यात गाड्या दुप्पट झाल्या, तर रात्रीची खडी पुरत नाही आणि डांबर उखडायला लागतं. गोलंदाजाच्या मणक्याचंही तसंच होतं. एमआरआयमध्ये आधी हाडाला सूज दिसते. तेव्हा थांबलं तर सहसा निभावतं. ती सूज साधी कंबरदुखी समजून दोन गोळ्यांवर पुढचा सामना खेळला, की हळूहळू चीर पडते.

हे सगळं आज सहज लिहिता येतं, कारण त्याआधी बऱ्याच पाठी मोडल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली पाठ डेनिस लिलीची. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात लिलीच्या मणक्यांत फ्रॅक्चर असल्याचं कळलं आणि त्याला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये काढावे लागले. लिली संपला, असंच तेव्हा बहुतेकांनी धरलं होतं. पर्थला शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक फ्रँक पाइक यांनी त्याच्यासाठी व्यायामाचा शिस्तबद्ध कार्यक्रम आखला. त्या काळात क्रिकेटपटूंना असा व्यायाम ठाऊकच नव्हता. लिली १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये परतला आणि जेफ थॉमसनला जोडीला घेऊन त्याने इंग्लंडच्या फलंदाजांची झोप उडवली. त्याने ३५५ कसोटी बळींवर कारकीर्द संपवली तेव्हा तो जागतिक विक्रम होता. पर्थच्याच विद्यापीठात पुढे गोलंदाजीच्या शैलीवर बरंच संशोधन झालं आणि त्यातून एक गोष्ट ठळक झाली. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशा मिश्र शैलीत पाठीला सर्वांत जास्त पीळ पडतो. पूर्ण आडवं राहून टाका किंवा पूर्ण समोर तोंड करून टाका, पण मध्येच खांदे फिरवू नका, हा आज शालेय प्रशिक्षकही देतात तो सल्ला तिथून आलेला आहे.

वयाचाही संबंध आहे. मणक्यांची हाडं पक्की व्हायला विशीचा मध्य उजाडतो. पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळली, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. पुढची कसोटी तो मार्च २०१७ मध्ये रांचीला खेळला. मधली पाच वर्षं चार महिने मुख्यतः पाठीने खाल्ली. या हिशेबाने २६ व्या वर्षी पदार्पण करणारा बाँड सुरक्षित असायला हवा होता. तो नव्हता, आणि म्हणून ‘वय झालं की ठीक होईल’ हा दिलासा त्याच्या बाबतीत कामाचा नव्हता.

२००३ च्या विश्वचषकानंतर काही महिन्यांतच त्याच्या पाठीने हात टेकले. विश्रांती, पुनर्वसन, पुन्हा दुखणं असं चक्र फिरल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. तडकलेल्या हाडाला आधार म्हणून टायटॅनियमची तार बसवण्यात आली. अशी शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा नीट चालेल-फिरेल याची खात्री डॉक्टर देऊ शकतात. तो ताशी १४५ च्या वेगाने गोलंदाजी करेल, याची खात्री त्या काळी कोण देणार होतं?

तो परतला ऑगस्ट २००५ मध्ये, झिंबाब्वेत. बुलावायोच्या कसोटीत त्याने ९९ धावांत १० बळी घेतले. समोर झिंबाब्वेचा दुबळा संघ होता, म्हणून या आकड्यांकडे जरा हात राखून पाहायला हवं. पण त्याच महिन्यात त्याच गावात एकदिवसीय सामन्यात भारत समोर आला आणि बाँडने १९ धावांत ६ बळी घेतले. सेहवाग, गांगुली, द्रविड असलेल्या संघाची ८ बाद ४४ अशी दैना झाली. नवव्या गड्यासाठी जयप्रकाश यादव आणि इरफान पठाण यांनी शंभरावर धावा जोडल्या नसत्या, तर तो दिवस भारतीय क्रिकेटच्या लाजिरवाण्या यादीत वरच्या ओळीत गेला असता. दोन वर्षं बाहेर राहिलेल्या, पाठीत धातू घेऊन आलेल्या गोलंदाजाचं हे पुनरागमन होतं.

इथून पुढे पाठ बऱ्यापैकी टिकली, पण बाकीचं शरीर कुरकुरू लागलं. कधी गुडघा, कधी पाय, कधी पोटाचे स्नायू. यात नवल नाही. शरीर दुखरी जागा सांभाळायला लागलं की भार शेजारी सरकतो आणि शेजारच्याला त्याची सवय नसते. शिवाय सक्तीच्या विश्रांतीत हाड आणि स्नायू दोन्ही कमजोर होतात. विश्रांती घेतली नाही तर फ्रॅक्चर आणि घेतली तर परतताना नवी दुखापत, अशा कात्रीत तो सापडला. तरी मधल्या फटींत तो काय करत होता, हे पाहण्यासारखं आहे. एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले शंभर बळी त्याने ५४ सामन्यांत पूर्ण केले. जानेवारी २००७ मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाच्या डावाच्या शेवटच्या षटकात व्हाइट, सायमंड्स आणि ब्रॅकन यांना ओळीने बाद करून हॅटट्रिक साधली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७ एकदिवसीय सामन्यांत त्याचे ४४ बळी आहेत.

२००८ च्या सुरुवातीला तो इंडियन क्रिकेट लीगमध्ये, दिल्ली जायंट्स संघात गेला. भारतीय मंडळाचा या बंडखोर लीगला विरोध होता. त्याची झळ न्यूझीलंडपर्यंत पोचली, बाँडचा करार संपला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबलं. या निर्णयावर न्यूझीलंडमध्ये टीका झाली, पण टीका करणाऱ्यांनी त्याच्या जागी उभं राहून बघायला हवं होतं. पाठ कधी दगा देईल सांगता येत नाही, वय ३२, आणि समोर घरच्यांची काही वर्षं निश्चिंत करणारा करार. अशा वेळी पैसे घेणारा माणूस लोभी नसतो, आपल्या शरीराचा हिशेब त्याला नीट समजलेला असतो, एवढंच.

लीगशी संबंध सुटल्यावर २००९ मध्ये तो परतला. नोव्हेंबरमध्ये ड्युनेडिनला पाकिस्तानविरुद्ध त्याने पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्या डावात तीन बळी घेतले. न्यूझीलंड ३२ धावांनी जिंकला आणि बाँड सामनावीर ठरला. त्याच सामन्याने त्याच्या पोटाचा स्नायूही फाडला. महिन्याभरात त्याने कसोटीतून निवृत्ती जाहीर केली. सामनावीराचा पुरस्कार घेऊन कसोटी क्रिकेट संपवणारे खेळाडू थोडेच, आणि त्यातले बहुतेक आपल्या मर्जीने थांबलेले असतात. पुढच्याच जानेवारीत कोलकाता नाइट रायडर्सने त्याला साडेसात लाख डॉलरना घेतलं. चार षटकांची गोलंदाजी या पाठीला झेपणारी होती. मे २०१० मध्ये त्याने सगळ्याच क्रिकेटला रामराम ठोकला.

वेग थोडा कमी केला असता तर तो आणखी खेळला असता का? याचं एक उत्तर झहीर खानकडे आहे. २००५ च्या अखेरीस भारतीय संघातून बाहेर पडल्यावर झहीर २००६ चा हंगाम वूस्टरशरकडून कौंटी क्रिकेट खेळला. तिथे त्याने धाव आखूड केली, उडी कमी केली, वेगापेक्षा चेंडू वळवण्यावर भर दिला आणि ७८ बळी घेऊन परतला. त्यानंतरचा झहीर आधीच्या झहीरपेक्षा सरस होता, हे २०११ च्या विश्वचषकातल्या २१ बळींनी दाखवलं. पण दुखापतींनी त्यालाही सोडलं नाही. त्याच वर्षी लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला आणि त्या मालिकेत भारताची गोलंदाजी उघडी पडली. तरीही ९२ कसोटी आणि ३११ बळी ही कमाई पाहता झहीरला तो सौदा फायद्याचा पडला, असंच म्हणावं लागेल. बाँडला हा मार्ग सोपा नव्हता. झहीरकडे डावखुरा कोन होता आणि जुना चेंडू आत-बाहेर दोन्हीकडे नेण्याची हातोटी होती. बाँडचा आउटस्विंग आणि पायाच्या बोटांवर येणारा यॉर्कर हे दोन्ही वेगाच्या जोरावर चालणारे चेंडू. वेग काढून घेतला तर बाँड हा एक बरा मध्यमगती गोलंदाज उरला असता, आणि तसे न्यूझीलंडमध्ये पैशाला पासरी होते.

खेळ सोडल्यावर बाँड प्रशिक्षणाकडे वळला. २०१२ ते २०१५ तो न्यूझीलंडचा गोलंदाजी प्रशिक्षक होता. २०१५ च्या विश्वचषकात ट्रेंट बोल्ट २२ बळी घेऊन मिचेल स्टार्कच्या बरोबरीने अव्वल ठरला आणि न्यूझीलंडने पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली. त्यानंतर बाँड मुंबई इंडियन्सकडे आला आणि २०२३ पर्यंत वानखेडेवर राहिला. तिथे त्याच्या हाताखाली होता जसप्रीत बुमरा.

बुमराची शैली बाँडसारखी मुळीच नाही. धाव आखूड, हात ताठ, वेग जणू खांद्यातून उसळून येणारा. पाठ मात्र त्याच मार्गाने गेली. २०१९ मध्ये कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, २०२२ मध्ये पुन्हा त्रास झाला आणि त्या वर्षीचा टी-२० विश्वचषक हुकला. मार्च २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली ती ख्राइस्टचर्चला, बाँडच्या गावी. वेगवान गोलंदाजांच्या पाठी दुरुस्त करण्याचा अनुभव या शहरातल्या शल्यविशारदांच्या गाठी जमा झालेला होता. बुमरा ऑगस्टमध्ये परतला, २०२४ चा टी-२० विश्वचषक जिंकून देताना मालिकावीर झाला आणि त्या वर्षअखेरीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने पाच कसोटींत ३२ बळी घेतले. त्यासाठी १५० हून अधिक षटकं टाकली. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठ आखडली, दुसऱ्या डावात तो गोलंदाजीला उतरलाच नाही आणि पुढची चॅम्पियन्स करंडक स्पर्धाही गेली.

तेव्हा बाँडने जाहीरपणे इशारा दिला. त्याचा मुद्दा असा की, एकूण किती षटकं टाकली यापेक्षा ती किती झपाट्याने वाढली याला जास्त महत्त्व आहे. आयपीएलमध्ये सामन्याला चार षटकं टाकणारा गोलंदाज थेट कसोटीत दिवसाला वीस षटकं टाकायला लागला की हाडाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. आयपीएलनंतर लगेच इंग्लंडचा पाच कसोटींचा दौरा होता. बुमराने सलग दोनपेक्षा जास्त कसोटी खेळू नयेत, असं बाँडचं म्हणणं होतं. त्याच जागी पुन्हा मोडलं, तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होईलच याचा भरवसा नाही, असंही त्याने सांगितलं. हे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीत तार होती, म्हणून मंडळालाही ते कानाआड करणं सोपं नव्हतं.

इंग्लंडमध्ये बुमरा पाचपैकी तीन कसोटी खेळला, हेडिंग्ली, लॉर्ड्स आणि मँचेस्टर. गंमत अशी की भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोटींत तो नव्हता. ‘कामाचं ओझं’ हे शब्द त्या उन्हाळ्यात क्रिकेटप्रेमींच्या टिंगलीचा विषय झाले, आणि त्याला कारण होता मोहम्मद सिराज. तो पाचही कसोटी खेळला, १८५ हून अधिक षटकं टाकली आणि मालिकेत सर्वाधिक २३ बळी घेतले. ओव्हल कसोटीच्या पाचव्या सकाळी इंग्लंडला जिंकायला सात धावा हव्या होत्या. सिराजने गस अ‍ॅटकिन्सनचा ऑफ स्टंप यॉर्करने उडवला. तो चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या वरचा होता.